पिठाच्या डब्यातली कादंबरी

मी नकला करतो. पारशिवनीच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी सातवी घरी पाठवली होती. छडी खाल्ली, पण वर्ग महिनाभर हसला. माही ताई तर सगळ्यात जास्त. तिले हसवणं हेच माहं काम, असं मी लहानपणापासून धरून चाललो. म्हणून तिचं खरं काय चाललं होतं, ते मले लय उशिरा समजलं.

नागपूरले एमएले आलो अन् सरांनं आदिबंध शिकवले. सर म्हणे, जगातल्या सगळ्या गोष्टींत तेच जुने साचे फिरून फिरून येतात. नायक, गुरू, सगळं सोसणारी आई, खोड्या काढणारा, अन् अंधारातली छाया. मले वाटलं, हे तर आपलंच काम. खोकला पकडला की अर्धा माणूस हातात येते. सर पुढं म्हणे, "साचा ओळखणं ही फक्त सुरुवात. पात्र त्या साच्यातून कुठं बाहेर सांडते, ते पाहा." ह्या वाक्याची मी हॉस्टेलवर लय भारी नक्कल केली. वाक्य मात्र ऐकलं नाही.

सेमिनारले मले एक कादंबरी आली. घरभर राबणारी सून, तिची सासू. मी वहीत लिहून टाकलं: सून म्हणजे आई, सासू म्हणजे छाया. अर्ध्या तासात काम खतम. कादंबरी मी अर्धीच वाचली होती. बाकीची ताईनं वाचली.

ताईचं सासर नागपुरातच, मनीषनगरले. दर रविवारी मी तिकडं जेवायले जात होतो. एका रविवारी पुस्तक तिथंच विसरलो. दुसऱ्या रविवारपर्यंत तिचं वाचून झालं होतं.

"ते बाई सोसणारी नाही गा," ताई भेंडी चिरता चिरता म्हणे. "तिले आई काहून केली तू?"

"सोसतेच ना वं ते."

"अन् दररोज नवऱ्याचा डबा घेऊन स्टँडवरून काहून जाते? रस्ता लांबचा आहे तो. बसचा टाइम पाहून येते ते. नीट वाच ना."

"आदिबंध! बाई, आदिबंध!" मी सरांच्या आवाजात ओरडलो. ताई हसली. मले तेवढंच पाहिजे होतं.

तिची सासू देवळात गेली होती. ताई पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसली, अन् मी समोरच्या खोलीत सेमिनारची तयारी करून राहिलो होतो. छायेले आवाज पाहिजे होता. ताईच्या सासूचा काढला. "काय वं, पुस्तक वाचून भाजी शिजते का?"

आतून डब्याचं झाकण वाजलं.

मी डोकावलो. ताई ओट्यापाशी ताठ उभी. ओढणी डोक्यावर. हात मनगटापर्यंत पिठानं पांढरे. पुस्तक कुठंच नाही.

"डरली ना! ताई डरली!" मी पोट धरून हसलो. तीबी हसली, पण जरा वेळानं. मग पिठाच्या डब्यातून पुस्तक काढलं, ओढणीनं पुसलं अन् माह्या हातात देलं. "घेऊन जा आता. झालं माहं."

हॉस्टेलवर हा किस्सा मी दोनदा सांगितला, झाकणाच्या आवाजासकट.

बुधवारी सेमिनार. सासूच्या आवाजावर वर्ग हसून फुटला. सरांनं चष्मा काढून डोळे पुसले. "आता आई," म्हणून मी पुस्तक उघडलं, तर टेबलावर पीठ सांडलं. पोरं अजून हसले. पान तेच होतं, स्टँडचं. लायब्ररीचं पुस्तक म्हणून ताईनं पेन लावला नव्हता. बसच्या टाइमाखाली नखानं रेघ ओढली होती, अन् त्या रेघेत पीठ बसलं होतं.

पिठाच्या डब्यात पुस्तक लपवणं कोणी एका दिवसात शिकत नाही. आवाज आला अन् तिचा हात आपोआप गेला होता. किती वेळा गेला असेल? अन् मी त्याच आवाजानं तिले डरवून आलो होतो.

मी त्या सुनेचं वाक्य वाचायले गेलो. सगळ्यांचे आवाज येतात मले. तिचा आला नाही.

"बोला ना," सर म्हणे. "आई."

"सर, ते आई नाही."

"मग कोणता आदिबंध?"

"माहीत नाही सर. मी अर्धीच वाचली."

पोरायले वाटलं, हाबी जोकच आहे. मी पुस्तक घेऊन बाहेर आलो अन् व्हरांड्यातून ताईले फोन लावला.

"काय गा, आज कोणाचा आवाज काढून राहिला?"

"माहाच आहे."

तिच्या मागं नळ चालू होता.

"ताई, पारशिवनीची बस कितीची आहे वं?"

काहून विचारतो, असं तिनं विचारलं नाही. थांबलीबी नाही. "साडेबाराची. ते गेली की मंग तीनची. पण तीनचीले गर्दी असते."

सव्वा वाजला होता. "मी तुह्या दाराशी येतो," मी म्हटलं. "तीनचीनं घरी जाऊ, पारशिवनीले."

"बाबा काय म्हणतील गा?"

बाबांचा आवाज मी झोपेतबी काढू शकतो. पण ते काय म्हणतील, हे मले माहीत नव्हतं, अन् तसंच मी तिले सांगितलं. नळ बंद झाला. मग ती हळूच म्हणे, "बेल नको वाजवू. खालून मिस कॉल दे."