अण्णांच्या पडद्यावरचा बाण

वाहन कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रामकृष्ण काळमेघ, म्हणजे अण्णा, घरातले जुने फोटो स्कॅन करू लागले. गोरखपूर मोहल्ल्यातल्या घराच्या मागच्या खोलीत संगणक होता. त्यांच्या पत्नी राधाबाई शेजारी बसून फोटोतल्या माणसांची नावं सांगायच्या, अण्णा एका बोटाने टाइप करायचे. हैदराबादेतल्या मुलीला, गीतांजलीला, ते सगळं पाठवायचं होतं.

एकदा बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या माणसाने त्यांच्याकडून एक ॲप टाकून घेतलं. अण्णांचा हात माऊसवर नसतानाही पडद्यावरचा बाण फिरू लागला. राधाबाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. गेलं काहीच नाही, पण अण्णांनी संगणकावर कापड टाकलं आणि पुन्हा त्या खोलीत बसले नाहीत. कुणी विचारलं तर डोळे दुखतात म्हणायचे.

दिवाळीत गीतांजली आली तेव्हा राधाबाईंनी तिला सगळं सांगितलं. ती अण्णांना काही बोलली नाही. तिने जुना संगणक पूर्ण रिकामा करून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही वेगळी प्रणाली टाकली. वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून राउटरपासून केबल ओढायचं ठरलं. क्लिपा ठोकायला मात्र तिने अण्णांनाच स्टुलावर चढवलं. आईचा विंडोजचा लॅपटॉप, अण्णांचा संगणक आणि तिचा मॅक या तिन्हींवर दिसेल असं एक सामायिक फोल्डर तिने केलं. आईच्या लॅपटॉपवर फोटो दिसले तेव्हा अण्णा पहिल्यांदा जवळ येऊन उभे राहिले.

हैदराबादेतूनही हे फोल्डर उघडता यावं, अडलं तर अण्णांचा पडदा बघता यावा, असं तिला वाटत होतं.

"दार उघडलं तर चोर बी येईल ना?" अण्णा म्हणाले.

"दार बंदच राहणार, अण्णा. फक्त आपल्या मशीनींमधला रस्ता बनवून राहिली मी. त्याच्या चाव्या आपल्याच मशीनींत. आणि मी आली तरी तुम्ही हो म्हटल्याशिवाय आत येता येणार नाही."

अण्णांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

ती गेल्यावर पहिल्याच खेपेला ते दिसलं. तिने फोन केला, अण्णांनी 'हो' दाबलं, बाण हलला आणि त्यांनी केबल उपटली. मग अण्णा हळूच म्हणाले, "तू बघ, पण हलवू नको. हात माझाच राहू दे."

तिने तशी सोय करून दिली. आता तिला फक्त पडदा दिसायचा. रविवारी सकाळी ती हैदराबादेत चहा पीत बसायची आणि अण्णांचा बाण फोल्डर शोधत हिंडताना पाहायची. तो चुकीच्या जागी गेला तरी ती घाई करायची नाही. मधेच राधाबाईंचा आवाज यायचा: ही शहपुऱ्याची आत्या, हा तिचा थोरला. अण्णा टाइप करायचे. एखादं अक्षर चुकलं तर तेच म्हणायचे, "थांब, दुरुस्त करून राहिलो."

असा हिवाळा गेला.

फाल्गुनात एका रविवारी एका जुन्या लग्नाचे सगळे फोटो उलटसुलट क्रमाने लागले. अण्णांनी बराच वेळ खटपट केली. ती वाट बघत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "का गं, तुले हे सरळ करता येईल का?"

"येईल. पण बाण मला हलवावा लागेल."

अण्णांनी स्वतःच बाण तिच्या हाती देणारं बटण शोधून दाबलं आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बाण फिरू लागला, फोटो एकेक करून जागेवर बसू लागले. अण्णा पाहत होते. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी भाजी घेऊन येतो," ते फोनवर म्हणाले. "तुझं चालू दे. झालं की बंद करून टाकजो."