धुरपताचा चौथा वाटा

लाखनीजवळच्या त्या गावात धुरपताला कुणी लेकरं किती म्हणून विचारलं, की ती "चार" सांगायची. घरात पोरं फिरत तीन. चौथी, म्हणजे खरं तर पहिली, पाळण्यात असतानाच तापानं गेली होती, त्यालाही पंचवीसेक वर्षं झालेली. पण धुरपताचं गणित काही बदललं नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतून लाडू आणले तरी वाटे चारच व्हायचे, आणि चौथा शेवटी तिच्याच पोटात जायचा. "लेकीच्या नावानं मायच जाडी होऊन राहिली," असं शेजारची शकुनबाई तोंडावर म्हणायची. धुरपता हसायची आणि लाडू संपवायची.

नवरा पुंडलिकराव मात्र चिडायचे. "तीन सांग न वो. गेलेल्याले कायले मोजते?" म्हणत तडक धानाच्या बांधीकडे निघून जायचे. पोरीचं नाव त्यांच्या तोंडून तिनं पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. यांच्या लेखी ती जन्मलीच नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि ते तिला फार सलायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात थोरल्या तेजरामची सोयरीक तुमसरकडे जुळली. दोन ठिकाणांहून नकार खाल्लेला नवरदेव, त्यामुळे घाई सगळ्यांनाच. जेठ महिन्यात, रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायच्या आत लग्न उरकायचं ठरलं. पण सुपारी फोडायच्या बैठकीत मुलीचे काका केशवराव अडून बसले. पोरगा पहिलटीचा, पोरगी पहिलटीची आणि वर महिना जेठ. जेठ म्हणजे थोरला; असे तीन जेठ एका मांडवात चालत नाहीत. "दिवाळीनंतर पाहू," ते म्हणाले. तोवर ही सोयरीक कशाची टिकते! तेजरामचं तोंड एवढंसं झालं.

दाराआडून धुरपता बोलली, "पोरगा पहिला नाही जी. त्याच्या आधी पोरगी होती."

केशवराव हसले. "मायले सुनेची घाई असतेच. बापानं सांगावं."

सगळे पुंडलिकरावांकडे पाहू लागले. धुरपताचा जीव टांगणीला लागला. हा माणूस आता सवयीनं तीन म्हणणार, आणि पोराचं लग्नही जाणार नि पोरगीही.

पुंडलिकरावांचा तंबाखू चोळणारा अंगठा थांबला. "होती," ते म्हणाले. "गोदावरी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली. माहं बोट धरलं का सोडे नाही." मग दुपट्ट्यानं तोंड पुसत खेकसले, "फोडा न सुपारी. पाहून काय राहिले?"

लग्न जेठातच झालं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या बुंदीचे धुरपतानं वाटे घातले, सुनेचा एक वाढवून. नेहमीच्या त्या जास्तीच्या वाट्याकडे तिचा हात जाणार, तोच पुंडलिकरावांनी तो उचलला.

"दरसाल तूच खाते," ते म्हणाले. "पोरगी माही बी होती."