सुटली म्हणा

खरं सांगते, त्या दिवशी देवीवरचा माझा विश्वास उडाला होता. मनोरुग्णालयाच्या भेटीच्या खोलीत मी बसले होते. पंधरा दिवसांतून एकदा भेट, तीही जाळीआडून, चार वाजेपर्यंत. आमच्या बोरी अरब गावाहून पहाटेच निघालेली मी. दारावर त्यांनी पिना, बांगड्या, मनगटातला काळा दोरासुद्धा काढून घेतला. मी चिडले, "दोऱ्यानं काय होते वो?" पहारेकरी हळूच म्हणाला, "इथं होते, ताई." मग मी आत येऊन बसले.

आत माझा धाकटा भाऊ होता. त्याला आवाज ऐकू येतात. घरून पळून विहिरीकडे जायचा, म्हणून बंद वॉर्डात ठेवलेला. नर्सबाई येऊन म्हणाल्या, "तो येत नाही. आल्यापासून खाट सोडत नाही. औषध, जेवण सगळं तिथंच. ऊठ म्हटलं की थरथरतो."

मला एकदम आठवलं. दाखल करताना तो माझा पदर सोडेना, तेव्हा मीच घाईत बोलून गेले होते, "तुले माही शप्पथ, ह्या खाटेवरून हलू नको." आमच्या घरी मानतात, शपथ मोडली की घालणाऱ्याचा जीव जातो. माझा लेकरासारखा भाऊ माझाच जीव वाचवत बसला होता! आणि मी मेली, त्याला बरं कर तरच तुला मानीन, म्हणत देवीला दोष देत होते.

मी शपथेचं सांगितलं, तसं नर्सबाईंनी आत जाऊन त्याला समजावलं, तो ऐकेना. मला वॉर्डात जायची परवानगी नव्हती. साडेतीन वाजून गेले. मी रडायलाच लागले. शेजारी एक बुरखेवाली मावशी बसली होती, मुलाला भेटायला आलेली. सगळं ऐकून ती म्हणाली, "कसम तुमी घातली, तर तुमीच सोडा ना बाई. सुटली म्हणा, जोरानं!"

तिथे ओरडायला मनाई. तरी मी दारात उभी राहिले आणि अंगणापलीकडच्या वॉर्डाच्या खिडक्यांकडे पाहून ओरडले, "सुटली रे राजा! शप्पथ सुटली!" तीनदा. पहारेकऱ्याने मान फिरवली.

चारला पाच मिनिटं कमी असताना तो आला. जाळीला बोटं लावून मला नखशिखांत न्याहाळलं. "ताई, जित्ती हायेस नं तू?"

"हाय रे बाबा," एवढंच निघालं.

ती मावशी तेव्हा स्वतःच्या लेकाशी बोलत होती. देवीनेच तिला माझ्या शेजारी बसवलं, असं मी मानते. काळजी काही गेलेली नाही, तो अजून आतच आहे. पण आता देवीला अटी घालत नाही. "माय, माह्यानं नाही होत, तू पाह्य," म्हणते आणि कामाला लागते.