उंबऱ्यातलं आमंत्रण

वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू संध्याकाळी आमची वाटी परत द्यायला आल्या. रिकामी वाटी परत देऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर साखर होती. "बसा ना काकू, चहा टाकते," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण उंबऱ्यातच उभं राहून, एक हात कडीवर ठेवून. "नको गं, कुकर लावून आलेय," म्हणत त्या वळल्या. मला हायसं वाटलं.

बोलवायचं तोंडाने आणि दार अडवायचं अंगाने. समोरच्याने ते ओळखून आपल्याला खोटं पडू द्यायचं नाही. याला आपण रीत म्हणतो!

थोड्या वेळाने कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं, तर काकू जिन्याच्या पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसलेल्या. मला बघताच धडपडत उठल्या. "गुडघा धरला होता जरा. निघालेच. कुकर आहे ना."

"हो, जा जा, शिट्ट्या होतील," मी म्हटलं.

वर गॅसवर काहीही नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. एकाच संध्याकाळी त्यांनी दोनदा माझी लाज राखली. आणि मी अजून उंबऱ्यातच उभी होते, कडी धरून.