रस्ट, जावा आणि एक फ्लेक्स

आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांना सत्काराशिवाय काही सुरू करता येत नसे आणि बंदही करता येत नसे. नवा प्रिंटर आला तेव्हा त्याला हार घातला होता. त्याच्यातून आठवडाभर झेंडूच्या पाकळ्या निघत होत्या.

डाळिंबाचे सौदे फोनवरून चालवायचं काम आम्हाला मिळालं. दूरच्या व्यापाऱ्यानं बोली लावली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती सगळ्यांना दिसली पाहिजे. हे सगळं मागून हाकणारा सर्व्हर आमच्यातल्या जुन्याजाणत्या अण्णांनी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिला होता आणि लहान सौदे त्यावर सुरळीत चालतही होते. मग मालकांचा भाचा बेंगळुरूहून आला आणि त्यानं ‘रस्ट’ असा शब्द उच्चारला. मालकांना रस्टबद्दल दोनच गोष्टी समजल्या. ती भाषा नवी आहे आणि अण्णांना ती येत नाही. दुसरी त्यांना जास्त आवडली.

अण्णांनी एकदा पाहुण्यांसमोर मालकांचं म्हणणं दुरुस्त केलं होतं. चूक मालकांची होती, त्यामुळे क्षमेचा प्रश्नच नव्हता.

अण्णा पुण्याची नोकरी सोडून आले होते. पत्नी मोहोळजवळच्या शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीत. घर धरून करता येईल असं काम सोलापुरात त्यांना दुसरीकडे मिळण्यासारखं नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मालकांनाही.

“चाचणी घेऊ,” मालक म्हणाले. “जी भाषा हरंल, तिच्या माणसानं मुकाट बाजूला व्हायचं. लोकशाही हाय की.”

चाचणी दुपारी होती. सकाळी मला छपाईवाल्याकडून फ्लेक्स आणायला पाठवलं. नीट छापलाय का ते बघायला मी तो उलगडला. ओळखपत्रावरचा अण्णांचा फोटो ताणून मोठा केलेला आणि वर सोनेरी अक्षरांत ‘सेवागौरव व निरोप समारंभ’. मी गुंडाळी करून तो ऑफिसातल्या कपाटामागे उभा केला.

“कुणाचा वाढदिवस रे?” अण्णांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

“बघू,” मी म्हणालो.

दुपारी सगळे लॅपटॉप जोडून सर्व्हरवर खोट्या बोल्यांचा मारा सुरू केला. भाच्याचा रस्टमधला नमुन्याचा प्रोग्राम पहिल्या क्षणापासून सपासप उत्तरं देऊ लागला. मग अण्णांचा लावला. जावा सुरुवातीला अडखळते. तेच काम पुन्हा पुन्हा करताना कुठं जोर लावायचा ते तिला समजतं आणि मग ती सुटते. खरा सौदा सकाळभर चालतो, तिथं पहिल्या मिनिटाला कोण विचारतो? पण पडद्यावर ते पहिलं मिनिटच दिसत होतं.

“सर, जरा गरम होऊ द्या तिला.”

“अण्णा, आमच्या मळ्यात डिझेलचं इंजिन होतं. हँडल मारा, धूर काढा, शिव्या घाला, मग पाणी. भंगारात घातलं मी ते.”

सगळे हसले. पगार मालक देत होते, त्यामुळे विनोद चांगला होता.

तेवढ्यात उत्तराला लागणारा वेळ दाखवणारी रेघ खाली यायला लागली. उतरत उतरत ती भाच्याच्या रेघेपाशी आली. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. “बघा सर, बघा आता.”

दुधावर झाकण ठेवावं तसा मालकांनी लॅपटॉप मिटला. “झाली चाचणी.”

“अजून एक मिनिट, सर.”

“अण्णा, पेढे आलेत.”

भिंतीवर फ्लेक्स चढला. मधल्या खुर्चीवर अण्णांना बसवलं. मालक म्हणाले, “अण्णा म्हणजे आपला पाया. पाया जमिनीत गाडलेलाच शोभतो.” टाळ्या झाल्या. नारळ आणि सोलापुरी चादर घेऊन मी शेजारी उभा होतो. अण्णांनी मान वळवून स्वतःचा फोटो पाहिला, मग मला हळूच विचारलं, “फ्लेक्स कधी टाकावा लागतो रे छापायला?”

“आदल्या दिवशी.”

त्यांनी हारासाठी मान वाकवली.

अण्णा पुण्याला गेले. रविवारचे नवरे आणि रविवारचे बाप झाले. भाचा काही महिन्यांनी बेंगळुरूला परतला. रस्टचा सर्व्हर अर्धवट राहिला. ती भाषा पेलणारं दुसरं कुणी आमच्यात नव्हतं. माहितीपत्रकावर मात्र ती ठळक अक्षरांत होती.

दिवाळीआधी अण्णा अनुभवाचा दाखला घ्यायला आले. दारातल्या जनरेटरवर त्यांचा फ्लेक्स पांघरला होता, चेहरा वरच्या बाजूला. वीज गेलेली असल्यामुळे जनरेटर चालू होता आणि चेहरा थरथरत होता.

“बघा की, अजून तुमीच आमाला पावसातनं वाचवताय,” मालक म्हणाले.

अण्णा हसले. दाखला अजून मालकांच्या हातात होता.

आत पडद्यावर सौदा चालू होता. बोल्या झरझर पडत होत्या. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

“रस्ट चांगली चाललीय,” ते म्हणाले.

“लई झकास.”

“सकाळी सुरू करताना काही अडखळतं?”

“पयलं एक मिनिट जरा कुथतंय,” मालक दाखल्यावर सही करत म्हणाले, “मग काय, सुसाट.”

अण्णांनी शाई वाळू दिली, दाखल्याची घडी घातली आणि जनरेटरला वळसा घालून ते स्टँडकडे निघाले.