बिस्किटी रंगाचा प्लग

गाडीचा स्पार्क प्लग बाहेर निघाला की उस्ताद आधी ओरडायचे, "पुसू नका! कुणी पुसायचं नाही!" मग तो दोन बोटांत धरून आभाळाकडे न्यायचे, मान तिरकी करायचे, आणि भोवतालची माणसं आपोआप गप्प व्हायची. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला की नातेवाईक होतात ना, तशी.

"ही इंजिनाची जीभ," ते म्हणायचे. "पुसलेल्या जिभेवरून काय खाक ताप कळणार?"

ग्वाल्हेरला पडाव नावाच्या भागात त्यांचं गॅरेज होतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. खरं नाव त्यांना असणारच, पण सगळा पडाव त्यांना उस्तादच म्हणायचा. "आमचे पूर्वज दक्षिणेतून भाला घेऊन इथे आले, माझ्या वाट्याला प्लगपाना आला," हे वाक्य ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत आणि जुन्यांना पुन्हा पुन्हा ऐकवत. विनय त्यांना कधी बाधला नाही.

काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट, ओला म्हणजे इंजिन म्हातारं झालं. खडूसारखा पांढरा म्हणजे आत आग आहे, लगेच काही केलं नाही तर संपलं. आणि चहात बुडवायच्या बिस्किटासारखा भुरा असला, तर तब्येत उत्तम. तेव्हा ते एकच शब्द उच्चारायचे, "बिस्किट!" तो कानावर पडला की टॅक्सीवाले निर्धास्त शिवपुरी, झाशी, आग्रा करून यायचे. त्या शब्दावर लोक आपली बायकामुलं गाडीत बसवत होते, असं म्हटलं तरी चालेल.

माझी त्यांची ओळख माझ्या अकलेमुळे झाली. आमच्याकडे नवी लाल आठशे मोटार आली होती. मी तरुण होते, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गाडी चालवणारी मराठ्यांची पहिली सून आपणच, असा माझा पक्का समज होता. काळा चष्मा लावून मी बाड्याच्या चौकाला उगीचच दोन चकरा मारायची. लोक बघायचे. कौतुकाने बघतात असं मला वाटायचं. ते जीव वाचवायला बघत असत, हे फार उशिरा उमगलं. गाडी मात्र महिन्याभरात धूर ओकायला लागली. उस्तादांनी प्लग काढला. चुलीतल्या लाकडासारखा काळाकुट्ट. त्यांनी दार उघडून आत एकदा डोकावलं.

"वहिनीसाहेब, ही पर्स इथे कुणी लटकवली?"

"मी. खुंटी आहे ना तिथे."

"ती खुंटी नाही. तो चोक आहे. थंडीत गाडी सुरू करायला ओढतात. तुमच्या पर्सने तो महिनाभर ओढून धरलाय. इंजिनाला पेट्रोलचं अजीर्ण झालंय."

गॅरेजभर हशा पिकला. मी काळा चष्मा लावला आणि घरी येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षं गाडी त्यांच्याकडेच. नव्या गाड्या आल्या, त्यांना यंत्र जोडून आजार शोधायची पद्धत आली. उस्ताद नाक मुरडायचे. आमची आठशे आणि मी, दोघी म्हाताऱ्या, त्यांच्या दारात जात राहिलो. एकदा मी पांढरीशुभ्र साडी नेसून गेले, तर म्हणाले, "वा वहिनीसाहेब, पिवळा रंग शोभतो तुम्हाला." मी म्हटलं, "या वयात साड्या बघता? घरी सांगू का?" ते लाजून हसले. मीही हसले. दोघांनाही त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही.

बिर्लानगरचा एक पोरगेला टॅक्सीवाला होता. बाप मिलमध्ये होता. मिल बंद पडल्यावर घरात कमावणारी एकच वस्तू उरली होती, एक जुनी व्हॅन. तो दर लांबच्या भाड्याआधी उस्तादांकडे यायचा, पाया पडायचा, प्लग दाखवायचा. त्या दिवशीही दाखवले. उस्ताद म्हणाले, "बिस्किट!" तो झाशीला निघाला. दतियाच्या अलीकडे व्हॅनचा पिस्टन जळून भोक पडलं. माणसं वाचली. व्हॅन परत आली ती दोराला बांधून, आणि तिथून भंगारात गेली.

मी नेमकी तिथे होते. त्याने व्हॅनचे तिन्ही प्लग टेबलावर आपटले. "उस्ताद, आपने बिस्किट कहा था!"

"तो? है बिस्किट!" उस्ताद कडाडले. "तेल देखा था? पानी देखा था? गाड़ी चलानी आती नहीं, चले हैं मुझे सिखाने! निकल!"

तो मागे फिरला. दारापर्यंत गेला, सवयीने पाया पडायला वळला, आणि तसाच निघून गेला.

ते तीन प्लग उस्तादांनी देवाच्या तसबिरीखाली फळीवर मांडून ठेवले. येईल त्याला दाखवायचे, "बघा, तुम्हीच बघा. बिस्किट आहे की नाही?" आणि गंमत बघा, सगळे माना डोलवायचे. मला ते खडूसारखे दिसत होते. पण म्हटलं, चोकला पर्स लटकवणारी बाई मी, मला काय दिसतंय त्याला काय अर्थ? उस्तादांना आतलं काहीतरी दिसत असेल. मीही म्हटलं, "हो हो, बिस्किट."

पुढे त्यांना समोरचा माणूसही धुक्यात दिसायला लागला, तेव्हा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा नंतर करायचा होता. काही दिवसांनी मी गेले, तर गॅरेजमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. उस्ताद दारातल्या उन्हात स्टुलावर बसलेले. हातात फळीवरच्या त्या तीन प्लगांतला एक. डावा डोळा हाताने झाकायचे, बघायचे. मग उजवा झाकायचे, बघायचे. पुन्हा डावा.

"या डोळ्याने पांढरा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "या डोळ्याने बिस्किट. वहिनीसाहेब, खरं सांगा, कोणता रंग आहे?"

मला थट्टा सुचेल असं वाटलं. नाही सुचली.

"पांढरा."

"तेव्हाही पांढराच होता?"

"हो."

"मग बिस्किट का म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांनी मान हलवली. "सगळे तेच म्हणाले असतील. मतलब, मोतीबिंदू मला एकट्याला आणि बघणं सगळ्यांचं बंद." मग त्यांनी प्लग मुठीत मिटला. "या पिवळ्या डोळ्याने मी किती गाड्या पाठवल्या असतील हो? हा एक परत तरी आला सांगायला. आणि मी त्याला हाकलला."

त्यांनी कपाटातून तीन कोरे प्लग काढून खिशात टाकले. "गाडी काढा. बिर्लानगरला जायचंय."

मिलच्या चाळीत दोनचार दारं विचारत घर सापडलं. पोरगा ओट्यावर जेवत होता. उस्तादांना बघून ताट बाजूला सारून उभा राहिला. मी त्यांना जन्मात कुणापुढे मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं.

"गलती मेरी थी," उस्ताद म्हणाले. "प्लग सफेद थे. मेरी आँख खराब थी. तेरी गाड़ी मैंने मारी."

पोरगा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "जाने दीजिए उस्ताद. अब तो हो गया. चाय पिएँगे?"

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उस्तादांनी खिशातून प्लग काढले. "ये रख. अब जो भी गाड़ी चलाएगा, मेरे पास ला. दोनों आँखों से देखूँगा."

पोराने ओट्याखालच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे एक हिरवी ई-रिक्शा चार्जिंगला लावलेली होती.

"उस्ताद, ये बैटरी की है. इसमें प्लग होता नहीं."

पुढे केलेला हात उस्तादांना मागे घेता येईना. पोराला ते कळलं असावं. त्याने खरकटा हात पायजम्याला पुसला, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि ते तीन प्लग घेतले. ठेवायला जागा नव्हती. आम्ही चहा पिऊन निघालो, तेव्हाही ते त्याच्या हातातच होते.

परतताना मी विचारलं, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची ना?"

"नको. हा मला काय काय दाखवत होता, ते विसरायचं नाही."

"उस्ताद, वेडेपणा करू नका."

पुढे गाड्यांची रांग लागली होती. मी वळून पाहिलं. उस्तादांनी तळहाताने उजवा डोळा, नवा डोळा, घट्ट झाकला होता आणि उरलेल्या डोळ्याने काचेतून समोरच्या गाड्या बघत होते. एकेक करून, शांतपणे. पडावाचा पूल येईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.