चंद्रावरच्या घराला आतून पट्टी

सातवीत शाळा सुटली आणि मी सावंतवाडीकडून अकोल्याला आलो. तेव्हापासून ताडपत्री शिवतोय. ज्या चाचांनी मला मशीनवर बसवलं ते अजून दुकानात समोरच असतात. कुणी चांगला कारागीर विचारला की ते माझ्याकडे हनुवटीने दाखवतात. त्याने बरंही वाटतं आणि धास्तीही.

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तीन मुली आल्या तेव्हाही त्यांनी हनुवटीनेच दाखवलं. मुलींनी चंद्रावर माणसांनी राहायचं घर आखलं होतं. हवा भरली की उभं राहणारं, चार माणसं मावतील एवढं. त्याचा पूर्ण मापाचा नमुना मी शिवायचा. परीक्षकांसमोर तिघी आत बसणार, पंखा बंद करणार, आणि तासभर छत खाली यायला नको. टिकलं तर घर पुढच्या फेरीला बंगळूरला जाणार, नाहीतर तिथेच गुंडाळायचं.

त्यांची पुढारी हिवरखेडची होती. म्हणाली, "दादा, आमचं वर्षभराचं काम हाये. आता तुमच्या शिवणीवर हाये सारं."

मी मापाचा कागद पुन्हा पुन्हा उलटून बघू लागलो. चाचांना ते दिसलं.

"टेन्शन काहून घेऊन राहिला बे? चंद्रावर पाणी पडत नाई. तुयं अर्धं काम तर अल्लानंच करून ठेवलं."

आईला फोनवर सांगितलं, तर तिनेही तेच धरलं. "थंय पाऊस पडना नाय, मगे ताडपत्री कित्याक?"

मी हसून फोन ठेवला. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

मी दुहेरी शिवण घातली. सुईच्या भोकांवर सोल्युशन लावून पट्ट्या चिकटवल्या, नेहमीसारख्या बाहेरून. पाऊस ज्या बाजूने येतो त्या बाजूला पट्टी, एवढंच मला ठाऊक. माझ्या ताडपत्रीखाली आजवर कुणाचा कापूस भिजलेला नाही.

अमरावतीला कॉलेजच्या हॉलमध्ये आधी आपल्यापुरतं बघायला म्हणून पंखा लावला. घर हळूहळू उठलं, पोट भरलेल्या म्हशीसारखं गच्च झालं. पंखा बंद केला. थोड्या वेळाने एका पट्टीचा कोपरा उचलला, मग दुसरीचा. सूं-सूं करत छत खाली आलं. परीक्षा चार दिवसांवर होती. मला वाटलं, आता चाचांना तोंड कसं दाखवू.

"सायकलच्या ट्यूबला पण बाहेरूनच लावतात," मी कसंबसं म्हणालो.

हिवरखेडची मुलगी जमिनीवर बसून पट्टी बघत होती. "ट्यूबवर टायर असते न, दादा, दाबून धराले. चंद्रावर बाहेरून दाबाले काय हाये? हवासुद्धा नाई."

तेव्हा कुठे उजेड पडला. इथे बाहेरचं पाणी अडवायचंच नव्हतं, आतली हवा राखायची होती. पट्टी आतून लावली तर हवाच तिला दाबून बसवेल. सातवीवाल्याला एवढं कळायला एक घर पाडावं लागलं. पण मुलींपैकी एकीनेही तसं म्हटलं नाही. उलट एकीने चहा आणला.

दोन दिवस मी आत रांगत पट्ट्या लावल्या. उरलेले दोन दिवस त्या वाळायला.

परीक्षेच्या दिवशी तिघी आत गेल्या. दार म्हणजे कापडाची लांब बाही; तिचं तोंड गुंडाळून मी दोन लाकडी पट्ट्यांत आवळलं. पंखा थांबला. मी तासभर एकेका शिवणीला कान लावत घराभोवती फिरलो. परीक्षक माझ्याकडे बघत होते. बघू देत म्हटलं. छत हललं नाही.

दार मोकळं केलं तर तिघींचे डोळे लाल.

"दादा, तुमच्या सोल्युशनच्या वासानं डोकं फुटून राहिलं. तासभर जराबी कमी नाई झाला."

मी माफी मागू लागलो. परीक्षकांतल्या एक वयस्क बाई मात्र म्हणाल्या, "बाहेर आम्हाला काहीच वास आला नाही. म्हणजे हवा आतच राहिली." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

घर बंगळूरला चाललंय. हिवरखेडच्या मुलीचा परवा फोन होता. "लोकं तिथं महिनोन्महिने राहतीन, दादा. बिनवासाचं काही बघा न."

बघतोय. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात वेगवेगळ्या सोल्युशनने पट्टी चिकटवतो, वाळली की झाकण घट्ट लावतो, आणि दुसऱ्या दिवशी उघडून हुंगतो. मग डबा चाचांपुढे धरतो. ते डोळे मिटून हुंगतात.

"कालच्यापेक्षा कमी हाये," म्हणतात.